साध्या वेशातली आत्या

सिनेमात हिरो चार होते, पण जॅकेटं चोवीस. प्रत्येकाचं एक कोरं, एक धुळीने माखलेलं, एक बाही फाटलेलं, एक रक्ताळलेलं, एक जळकं, आणि एक हिरोच्या जागी उड्या मारणाऱ्या माणसाच्या मापाचं. सगळ्यांच्या पाठीवर पेटता लांडगा. कपडेपटात कामाला असल्यामुळे तो लांडगा मी स्वतःच्या हाताने चोवीस वेळा शिवला. त्यामुळे त्या सिनेमाबद्दल मी जरा तिरसटपणे बोलले तर समजून घ्या.

गोष्ट अशी होती: चार तरुण पोलीस, वरिष्ठांचं काडीचंही न ऐकणारे, ओळख लपवून एका टोळीत शिरतात आणि दोन तास वीस मिनिटांत अर्ध्या शहराच्या काचा फोडतात. दिग्दर्शक तिशीचा, हुशार, सतत घाईत. एका मीटिंगला तो म्हणाला, "मला यात खरेपणा हवाय. कुणाच्या ओळखीत खरा अंडरकव्हर पोलीस आहे का?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तशाच राहू दिल्या असत्या तर पुढचं काही झालं नसतं. पण मी त्या काढल्या आणि म्हटलं, "माझी आत्या आहे."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "सवड मिळाली नाही" म्हणते, आणि ते खरंच आहे. सव्वीस वर्षं ती पोलीस खात्यात साध्या वेशात काम करत होती. उंची बेताची आणि चेहरा असा, की दोनदा भेटलेला माणूस तिसऱ्यांदा पुन्हा आपलं नाव सांगतो. हातात कायम एक कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी भाजी. खात्यात तिला 'पिशवी' म्हणत. "आज पिशवी कुठे ठेवलीय?" असं साहेब विचारायचे, म्हणजे आत्या कुठल्या रस्त्यावर बसलीय, असा त्याचा अर्थ. एका दवाखान्याच्या बाकावर ती पोटदुखीचं निमित्त करून अकरा दिवस बसली होती. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी तिला आत बोलावून खरंच औषध दिलं. तिने फुटपाथवर मोजे विकले, जिने झाडले, लायब्ररीत तेच मासिक महिनाभर वाचलं. घरी मात्र चकार शब्द नाही. लहानपणी मी विचारायचे, "आज कुठे होतीस गं?" "कामावर." "काय केलंस?" "बसले."

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून ती अख्ख्या इमारतीवर पाळत ठेवायची आणि बाबांचं डोकं उठवायची. तळमजल्यावरच्या भाडेकरूने चष्मा बदलला हे त्याच्या बायकोआधी आत्याला कळायचं. तेव्हा तिला सल्लागार म्हणून बोलावणं आलं, तर सगळ्यात जास्त आनंद बाबांना झाला. "जा, जा," ते म्हणाले, "चार लोकांत मिसळ." मिसळणं हाच तिचा व्यवसाय होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पहिला दिवस. एका बंद पडलेल्या काच कारखान्यात सेट लावला होता. चारही हिरो जॅकेटं घालून, काळे चष्मे लावून मोटारसायकलींना टेकून उभे होते. आत्याने पिशवी मांडीवर घेतली, खुर्चीत बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"यांचं काय चाललंय?"

"लपून पाळत ठेवतायत," मी म्हटलं.

"कोण?"

"हेच चौघं."

"अगं, यांच्या पाठीवर आग लागलीय!"

"तो लांडगा आहे, आत्या."

"तेच म्हणते मी. लांडगा पेटलाय आणि हे लपलेत."

दिग्दर्शकाने तिची ओळख करून दिली. मुख्य हिरो, ज्याला सेटवर सगळे 'चिकना' म्हणायचे, अगदी अदबीने वाकला. पोरगा वाईट नव्हता, फक्त स्वतःच्या प्रेमात होता. त्याने विचारलं, "मॅडम, सव्वीस वर्षांत तुम्ही किती गोळ्या झाडल्या?"

"एकही नाही."

"मारामारी?"

"एकदा एका बाईने माझी पिशवी ओढली होती."

तो जरा वेळ वाट बघत थांबला, की आता पुढे काही येईल. काही आलं नाही. तो सॉरी म्हणून निघून गेला, जणू तिच्याकडे काही दुःखद घडलं होतं.

मग सुरू झाला सल्ला देण्याचा कार्यक्रम. आत्याने काम मनावर घेतलं होतं हो! सीन वाचून ती चौकोनी कागदांवर बारीक अक्षरात लिहायची. 'पाठलाग करताना पळू नये. पळणाऱ्याकडे सगळे बघतात.' 'टोळीच्या अड्ड्यासमोर चौघं एकाच वेळी का?' 'हा मुलगा वरिष्ठांच्या टेबलावर ओळखपत्र फेकून जातो. ओळखपत्र जमा केल्याची पोच घ्यावी लागते. पोच कुठे आहे?' दिग्दर्शक प्रत्येक कागद घेऊन म्हणायचा, "आत्या, जबरदस्त! हे ठेवू लक्षात." चौथ्या दिवशी तिने बघितलं, तिच्या कागदांवर चहाचे कप ठेवलेले होते.

घरी परतताना गाडीत तिचा संताप माझ्यावर निघायचा. "मला कशाला बोलावलंय यांनी? शोभेला? सिनेमाच्या शेवटी माझं नाव टाकणार, आणि माझ्याबरोबर काम केलेले लोक म्हणणार, पिशवीला म्हातारचळ लागला. तो मुलगा खिडकीतून उडी मारून आत शिरतो. दार उघडं होतं गं! मी स्वतः बघितलं, दाराला कडीसुद्धा नव्हती!"

"अगं, सिनेमा आहे तो."

"मग खरेपणा हवाय म्हणून कशाला बोंबलतात?"

दिवसभर जॅकेटं जाळून झाल्यावर माणसाला वादही घालवत नाही.

सेटवर एकच माणूस तिचं ऐकायचा, तो म्हणजे लेखक. किडकिडीत, मऊ बोलणारा, खिशात वही. आत्या बोलली की तो मान हलवत लिहून घ्यायचा. इथेच घोटाळा झाला. सव्वीस वर्षं लोकांकडून गोष्टी काढून घेणाऱ्या बाईला कळलं नाही, की चांगला श्रोता ही किती धोक्याची वस्तू आहे. किंवा कळलं असेल, पण त्या दिवशी ती वैतागली होती.

झालं असं, की सिनेमातल्या खबऱ्याचा सीन होता. गाड्या लावायच्या तळघरात, धुरामध्ये, टोपी ओढलेला एक माणूस येतो आणि हिरोच्या हातात पाकीट देऊन खोकतो. आत्याने तो वाचला आणि कागद लेखकासमोर आपटला. "अहो, खबरी असा असतो का? हा तर लांबूनच खबरी दिसतोय! मी सांगते खबरी कसा असतो." आणि कारखान्याच्या पायरीवर बसून, चहाचा कप हातात धरून, तिने सांगितलं.

वीस वर्षांपूर्वी एका गल्लीत एक किल्लीवाला होता. किल्ल्यांच्या नकला करून द्यायचा. त्याच्याकडे एक माणूस दर महिन्याला साबणावर उमटवलेला नव्या किल्लीचा ठसा घेऊन यायचा. किल्लीवाल्याला संशय आला. चौकशीत निघालं, की तो माणूस बनावट औषधं विकणाऱ्या टोळीचा मुख्य, दर महिन्याला गोदाम बदलणारा. किल्लीवाल्याने पोलिसांना मदत करायचं कबूल केलं, पण अट घातली, की माझ्याशी कुणी बोलायचं नाही. आत्याने साहेबांकरवी उलटा निरोप धाडला, की तुम्हीही कुणाशी बोलायचं नाही, आणि समोर मोजे विकायला बसली. किल्लीवाल्याची खुर्ची दुकानाबाहेर असली तर काही नाही, आत असली तर आज तो येऊन गेला. बस्स, एवढंच. आठ महिने दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. टोळी पकडली गेली. खबर कुणी दिली हे आजतागायत कुणाला कळलं नाही. "आणि त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती," आत्या म्हणाली, "लहानपणी मशीनमध्ये गेली होती. पण काय सफाई होती कामात!"

लेखकाचे डोळे चमकत होते. आत्या घरी येताना खुशीत होती. पहिल्यांदाच कुणीतरी तिचं पूर्ण ऐकलं होतं.

दोन आठवड्यांनी माझ्या हातात नव्या सीनची कपड्यांची यादी आली. 'किल्लीवाला, वय पासष्ट. मळका सदरा, कातडी एप्रन. डाव्या हाताला दोन बोटं कमी, त्यावर अर्धा कापलेला हातमोजा. खुर्ची आत-बाहेर.' मला आधी गंमतच वाटली. संध्याकाळी मी ती यादी आत्याला दाखवली. "बघ, तुझा सीन घेतला!"

तिने वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"तो माणूस जिवंत आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"किल्लीवाला. त्याच गल्लीत आहे, त्याच दुकानात. आणि ज्याला पकडलं तो दीड वर्षापूर्वी शिक्षा भोगून सुटलाय. त्याला आजवर वाटतंय की मेहुण्याने दगा दिला. मेहुणा परदेशात आहे, त्याला धोका नाही. पण हा सिनेमा त्या सुटलेल्या माणसाने पाहिला, तर..." ती थांबली. मग एकदम स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. खरोखर, आवाज येईल अशी. "सव्वीस वर्षं तोंड शिवलेलं होतं माझं. आणि उसवलं कशाने, तर एका कपभर चहाने! नाव सांगितलं नाही म्हणून स्वतःला शहाणी समजत होते. बोटं कशाला सांगितली मी? बोटं!"

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच सेटवर हजर. लेखक बिचारा घाबरला. "मला वाटलं ती जुनी, संपलेली गोष्ट आहे. मी काढून टाकतो. पण दिग्दर्शकांना तोच सीन सगळ्यात आवडलाय."

दिग्दर्शकाने तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. आत्याने शक्य तेवढं कमी सांगितलं: हा प्रसंग नको, कुणाला त्रास होऊ शकतो.

"पण आत्या, अख्ख्या सिनेमात तुमचं खरं हेच तर आहे!" तो म्हणाला. "तुम्हीच म्हणता ना, खरं दाखवा?"

"हे सोडून काहीही दाखवा. पेटवा अजून लांडगे."

"हवं तर तीन बोटं गेलेली दाखवू. मग झालं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी शिवणकामाकडे पाहिलं.

निर्मात्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमच्या खात्याकडून एक पत्र आणा, की या सीनमुळे अमुक व्यक्तीला धोका आहे. मी स्वतः सीन काढायला लावते."

"म्हणजे ज्या माणसाचं नाव वीस वर्षांत कुठल्याही कागदावर आलं नाही, त्याचं नाव मी कागदावर लिहू?"

"मग आमच्याही हाताला काही आधार हवा ना, मॅडम."

जिकडे जावं तिकडे भिंत. जास्त समजावलं, तर सीन अजून खरा ठरणार आणि त्यांना अजून आवडणार. कमी समजावलं, तर कुणी ऐकणार नाही. गुरुवारी शूटिंग होतं. किल्लीवाल्याच्या भूमिकेत एक जुने, नावाजलेले रंगभूमीवरचे नट येणार होते.

सोमवारी आत्या मला म्हणाली, "गाडी काढ. आणि कपाटाची एक किल्ली घे बरोबर."

गल्ली अरुंद होती. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. आत किल्ल्यांचे झुबके टांगलेले, एक यंत्र, लोखंडाच्या किसाचा वास. म्हातारा माणूस मान खाली घालून कानशीने काहीतरी घासत होता. आत्याने किल्ली पुढे केली. "हिची नक्कल हवीय."

त्याने किल्ली घेतली, वर न बघता म्हणाला, "मोजे विकायचं सोडलंत वाटतं."

ती दोघं आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. आत्या वाकून, यंत्र चालू असताना, भरभर बोलली. माझ्यामुळे झालंय, माझी चूक आहे, तुम्ही काही दिवस मुलीकडे वगैरे जाऊ शकाल का. त्याने सगळं ऐकून घेतलं, नक्कल पूर्ण केली, फुंकर मारून कीस उडवला.

"माझं काम कोण करतंय?" त्याने विचारलं.

आत्याने नटाचं नाव सांगितलं.

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "ते स्वतः?"

"अहो, मी काय सांगतेय आणि तुम्ही काय विचारताय! जिवाशी खेळ आहे."

"ते कळलं हो मला." त्याने कानशी खाली ठेवली. "पण बाई, वीस वर्षं झाली. बायकोला माहीत नाही, पोरीला माहीत नाही. त्या वर्षी त्या औषधांनी किती लोक गेले हे पेपरात आलं होतं. बायको वाचून म्हणाली, ज्याने पकडून दिलं त्याचं भलं होवो. मी तिच्या शेजारी बसून जेवत होतो. काय बोलणार?" तो जरा हसला. "पुरता नका काढू तो सीन. एवढंच म्हणतो. बोटं द्या परत. धंदा बदला."

"कुठला धंदा?"

त्याने अजिबात विचार केला नाही. "घड्याळं. मला घड्याळं दुरुस्त करायची होती. या हाताने जमलं नाही."

गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली, "अवघड करून ठेवलंन माणसाने. नुसता काढायचा असता तर एकवेळ सेटला कुलूप घातलं असतं. आता बदलायचाय." थोड्या वेळाने, "घड्याळं म्हणे!" आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

मंगळवारी ती सेटवर आली ती सल्लागाराच्या खुर्चीत बसलीच नाही. चिकन्याच्या मेकअपच्या गाडीपासून दहा हातांवर, सामानाच्या पेट्यांजवळ पिशवी घेऊन भाजी निवडत बसली. मी दोनदा तिच्यासमोरून गेले, दुसऱ्यांदा मलाच दिसली नाही. दिवसभर माणसं येत-जात राहिली, बोलत राहिली. बुधवारी जुने नट तालमीला आले. खुर्चीवरून उठून तो अर्धा हात त्यांनी असा काही पुढे केला, की लाइटवालेसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. चिकना बाजूला उभा होता. गाडीत शिरताना तो मेकअपवाल्याला म्हणाला, "म्हातारा सीन खाऊन टाकणार बघ. मी काय तिथे फर्निचर आहे?"

तेवढंच हवं होतं. अर्ध्या तासाने आत्या लंगडत त्याच्या गाडीपाशी गेली. मी जॅकेट द्यायच्या निमित्ताने तिथेच होते, म्हणून सगळं ऐकलं.

"काय काम केलं हो त्यांनी!" आत्या डोळे पुसत म्हणाली. खरंच पुसत. "तो हात पुढे केला ना, तेव्हा मला भडभडून आलं. लोक तर हुंदके देतील. आणि त्यांच्यासमोर कोण होतं हो? माझं लक्षच गेलं नाही."

"मी होतो," चिकना म्हणाला.

"अगं बाई! तुम्ही होतात? हां, बरोबर. आता त्या बोटांपुढे कोण काय करणार म्हणा. पाहणारा बोटांकडेच बघणार." ती जायला वळली, पुन्हा थांबली. "किल्ल्यांच्या दुकानात तुम्हाला बोलायला तरी काय आहे? घड्याळाचं दुकान असतं तर वेगळी गोष्ट. भिंतभर घड्याळं टिकटिक करतायत, म्हाताऱ्याने खूण म्हणून एक बंद करून ठेवलंय, आणि ते तुमच्या लक्षात येतं. तुमच्या! मग तो विचारतो, वेळ काय झाली? आणि तुम्ही..."

"मी काय?"

आत्या अडकली. सव्वीस वर्षांत जिने एकही डायलॉग मारला नव्हता, तिच्यावर आता तो जागच्या जागी रचायची पाळी आली. मला तिच्या कानशिलावरची शीर दिसत होती. शेवटी, जणू दाढ उपटून काढतेय असा चेहरा करून ती म्हणाली, "तुम्ही म्हणता... वेळ बघायची नसते, काका. आणायची असते."

चिकन्याने चष्मा काढला. हळूच, ओठांतल्या ओठांत, दोनदा म्हणून पाहिलं. मग गाडीतून उडी मारून दिग्दर्शकाकडे पळाला.

दुपारी तीनला कला विभागात आरडाओरडा सुरू झाला: किल्ल्या काढा, घड्याळं आणा, उद्या सकाळी दोनशे घड्याळं पाहिजेत. चारला माझ्याकडे नवी यादी आली. 'घड्याळजी. स्वच्छ पांढरा सदरा, डोळ्याला भिंग. हात नीट दिसावेत.' मी बनवलेला अर्धा हातमोजा कचऱ्यात गेला. त्याच्यावर माझे दोन दिवस गेले होते, पण मी तोंडातून ब्र काढला नाही.

दिग्दर्शक आत्याला येऊन म्हणाला, "सॉरी आत्या, तुमची खरी गोष्ट राहिली नाही. हिरो ऐकतच नाहीये. पण तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"माझं कोण ऐकतंय इथे," आत्या म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

संध्याकाळी लेखक आला. त्याने वहीतली चार पानं फाडली आणि तिच्या पिशवीत, भाजीवर ठेवली. "ही एकच प्रत होती," एवढंच म्हणाला. आत्याने ती घरी येऊन गॅसवर जाळली. बाबा विचारत राहिले, कसला वास येतोय.

सिनेमा जोरात चालला. आत्याचं नाव शेवटी आलं, तेही चुकीचं छापून, आणि त्यातच तिला जरा बरं वाटलं. पण तो डायलॉग! तो टी-शर्टवर आला, मोबाइलच्या कव्हरवर आला. आमच्या इमारतीतली पोरं जिन्यावरून घसरत ओरडायची, "वेळ बघायची नसते, काका!" आत्या खिडकी धाडकन लावून घ्यायची. डॉक्टरांकडे उशिरा पोचलो तर बाबा तोच म्हणायचे, आणि मग रस्ताभर भावंडांची जुंपायची. तिने तो रचलाय हे फक्त मला माहीत होतं. तिने मला शपथ घातली होती, ती मी आज, तिच्या परवानगीने, बाकी सगळं पुरेसं बदलून, मोडतेय.

चिकन्याने एका मुलाखतीत सांगितलं, की तो डायलॉग त्याला तालमीच्या वेळी आपोआप सुचला. मी आत्याला पेपर दाखवला. "सुचू दे," ती म्हणाली. "ब्याद गेली."

सिनेमा लागून महिना झाल्यावर ती एकटीच त्या गल्लीत गेली. मला बरोबर घेतलं नाही. परत आल्यावर मला खोदून खोदून विचारावं लागलं, तेव्हा कुठे सांगितलं.

किल्लीवाला बायकोला घेऊन सिनेमाला गेला होता. गाड्या उडत होत्या तेव्हा बायको कंटाळून घरी जाऊ म्हणत होती. मग तो घड्याळजी आला. बंद पडलेल्या घड्याळाखाली एकटाच बसलेला, समोर गुंड येऊन गेले तरी भिंग न काढणारा. बायको रडली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "एवढं करून गप्प राहणारी माणसं खरंच असतात का हो?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" आत्याने त्याला विचारलं होतं.

"म्हटलं, असतील."

"बस्स?"

"अजून काय म्हणणार? तुम्हीच तर सांगितलंत, बोलू नका."

हे सांगताना आत्या चिडली होती. कुणावर, ते तिलाही सांगता येत नव्हतं. "मी सांगितलं म्हणून काय बायकोलाही सांगायचं नाही? वीस वर्षं! एवढं ऐकतात का कुणी कुणाचं?" ती पिशवी रिकामी करायला ओट्याशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ पालेभाजी धूत राहिली.